‘पहिले’ या विशेषणाची सोय

न्यायव्यवस्थेत शिरकाव केलेल्या अल्पसंख्य आणि वंचित समाजांतील माणसांविषयी मराठीत जे गौरवपर लेखन होते, त्याचा सारा डोलारा ‘पहिले’ या एका विशेषणावर उभा असतो. बद्रुद्दीन तय्यबजी मुंबईतील पहिले भारतीय बॅरिस्टर (१८६७), ए. वरदराजन सर्वोच्च न्यायालयातील पहिले दलित न्यायाधीश (१९८०), के. जी. बालकृष्णन पहिले दलित सरन्यायाधीश (२००७). नावे खरी आहेत, मानही रास्त आहे. आमचा आक्षेप विशेषणाच्या वापराला आहे. ‘पहिले’ म्हटले की लेखकाची जबाबदारी संपते. त्यांच्याआधी दार कोणी लावून धरले होते, हे विचारावे लागत नाही. घटना लागू झाल्यावर सर्वोच्च न्यायालयात एक दलित न्यायाधीश बसायला तीस वर्षे लागली, हे वाक्य गौरवग्रंथांत सहसा आढळत नाही.

खानदेशाला हा विषय परका नाही. १९२९ साली डॉ. आंबेडकर सरकारी चौकशी समितीचे सदस्य म्हणून या भागात आले होते. मुंबईत वकिली सुरू करून त्यांना सहा वर्षे झाली होती. धुळ्याकडील एका गावच्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्थानकावर उतरले, तेव्हा त्यांना बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार होईनात. शेवटी टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने लगाम हाती घेतले. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. चरित्रांतून या घटनेला ‘चाळीसगावचा अपघात’ म्हणतात. आम्हांला हा शब्द मान्य नाही. घोडा बुजला हा अपघात असेल. बॅरिस्टरला टांगेवाला मिळाला नाही, हा अपघात नव्हे.

१९३७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचा निकाल उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी ३१ जुलैला बाबासाहेब न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. त्या वेळी ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. दर ३१ जुलैला तेथे भीमस्मृती यात्रा भरते. उरलेला जिल्हा मात्र त्या दिवसाकडे ‘त्यांचा कार्यक्रम’ म्हणून पाहतो. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर चर्चासत्रे भरवणाऱ्या मराठी मंडळींना तरी हे परवडू नये. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील खटल्यात १९२६ साली जेधे-जवळकरांच्या बाजूने आणि १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’च्या खटल्यात र. धों. कर्व्यांच्या बाजूने उभा राहिलेला वकील हाच होता. वकील आंबेडकर हा मराठी वाङ्मयेतिहासाचाही विषय आहे. तो एका समाजाच्या स्वाधीन करून मोकळे होता येणार नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: ते दिवस गेले, आता गुणवत्तेवर सारे मिळते. २०२५ साली अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले, हा दाखलाही दिला जातो. पण बालकृष्णन यांच्यानंतर दुसरे दलित सरन्यायाधीश यायला अठरा वर्षे लागली, हे कोण सांगणार? २०१८ पासून उच्च न्यायालयांत नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांपैकी अनुसूचित जातींचे २२, अनुसूचित जमातींचे १६, इतर मागासवर्गीय ८९ आणि अल्पसंख्याक ३७, अशी माहिती मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारनेच संसदेत दिली. गुणवत्ता एवढ्या नेमकेपणाने जात पाहून जन्माला येत असेल, तर तो चमत्कारच म्हणायचा! उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याआधी बहुतेकदा तेथील वकिलीत नाव व्हावे लागते. त्यासाठी ज्येष्ठाचे कार्यालय, पुस्तके, मोठे पक्षकार आणि उत्पन्नाविना काढायची सुरुवातीची वर्षे लागतात. यावल-रावेरच्या तडवी मुलाने किंवा शिरपूरच्या पावरा मुलीने ही वर्षे कोणाच्या भरवशावर काढायची? लगाम हाती येऊ द्यायचे नाहीत आणि मग हाकता येत नाही म्हणायचे, हा चाळीसगावचाच न्याय झाला.

तेव्हा सत्कार जरूर करावेत. फक्त व्यासपीठावरून ‘पहिले’ हा शब्द उच्चारणाऱ्याने पुढचेही दोन प्रश्न विचारावेत: दुसरे कोण, आणि ते कोणी अडवले आहेत?