फ्रीमेसनरी : सर्वांसाठी खुल्या म्हटलेल्या दाराची गोष्ट

१/ फ्रीमेसनरी हा शब्द निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी ऐकू येतात. पहिली : हे सैतानाचे उपासक असून फ्रेंच राज्यक्रांतीपासून डॉलरच्या नोटेपर्यंत सारे त्यांनीच घडवले. दुसरी : हे धर्म, वंश आणि राष्ट्र यांच्या पलीकडे गेलेले विश्वबंधू आहेत. पहिली गोष्ट खोटी आहे, दुसरी अर्धीच खरी. हा धागा दोन्हींच्या विरोधात आहे. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२/ माझा दावा असा. फ्रीमेसनरीत जे 'गुप्त' मानले जाते, त्यात फारसे काही दडलेले नाही. तिच्याविषयीचा खरा ऐतिहासिक प्रश्न उघड्यावर आहे आणि तो प्रवेशाचा आहे. सर्व माणसे बंधू आहेत असे लिहून ठेवणाऱ्या संस्थेच्या आत प्रत्यक्षात कोण गेले, बाहेर कोण राहिले आणि त्यांना बाहेर ठेवण्यासाठी कोणते कारण पुढे केले गेले? याचे उत्तर मुंबई आणि कोलकाता येथे सापडते. आधी थोडी पार्श्वभूमी.

३/ मेसन म्हणजे पाथरवट, गवंडी. मध्ययुगीन युरोपात चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या कारागिरांचे संघ असत. बांधकामाच्या जागी त्यांचा जो आडोसा असे, त्याला लॉज म्हणत. स्कॉटलंडच्या राजाच्या बांधकामांचा प्रमुख विल्यम शॉ याने १५९८ आणि १५९९ मध्ये या लॉजसाठी नियमावल्या काढल्या. पुढे हातात कधी छिन्नी न धरलेली माणसेही लॉजमध्ये येऊ लागली. पुराणवस्तूंचा अभ्यासक एलायस ॲशमोल याने १६ ऑक्टोबर १६४६ रोजी इंग्लंडातील वॉरिंग्टन येथे आपण मेसन झाल्याची नोंद केली आहे.

४/ लंडनमधील चार लॉजनी २४ जून १७१७ रोजी एका मद्यगृहात एकत्र येऊन पहिले ग्रँड लॉज स्थापन केले, असे सांगतात. ही हकिकत सविस्तर छापली गेली ती मात्र १७३८ मध्ये. म्हणूनच अँड्र्यू प्रेस्कॉट आणि सुझन मिचेल सॉमर्स या अभ्यासकांनी खरी स्थापना १७२१ मधील असल्याचे मत मांडले आहे. सॉलोमन राजा, इजिप्तचे पिरॅमिड, टेंपलर सरदार ही वंशावळ हौसेने जोडलेली आहे. आपल्या घराण्याचे मूळ थेट सूर्यचंद्रापर्यंत नेऊन भिडवण्याची हौस आपल्यालाही अपरिचित नाही.

५/ दीक्षेच्या पायऱ्या तीन : शिकाऊ, सहकारी कारागीर आणि उस्ताद. उमेदवाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. तो धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. त्याला कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन मिळतो. गुण्या सचोटी शिकवतो, कर्कटक संयम, ओळंबा सरळ वर्तन. तिसऱ्या पायरीवर सॉलोमनच्या मंदिराचा उस्ताद हायरम अबिफ याच्या खुनाचे नाट्य होते : गुपित सांगण्यापेक्षा त्याने मरण पत्करले. आता विनोद पाहा. सॅम्युअल प्रिचर्ड याने हे सारे १७३० मध्येच लंडनला छापून विकले. हे गुपित फुटून तीनशे वर्षे होत आली.

६/ मग सैतानपूजा कुठून आली? पॅरिसचा लेखक लेओ ताक्सील याने १८८५ मध्ये आपण कॅथलिक धर्मात परतल्याचे जाहीर केले आणि मेसनांच्या सैतानपूजेची 'रहस्ये' सांगणारी पुस्तके काढायला प्रारंभ केला. पुढे त्यात डायना व्हॉन नावाची एक पश्चात्तापदग्ध स्त्रीही अवतरली. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भूगोल संस्थेच्या सभागृहात त्याने भरसभेत कबुली दिली की हे सारे आपण रचले होते. अमेरिकी मेसन अल्बर्ट पाइक याने १८८९ च्या एका 'आदेशात' ल्युसिफरला ईश्वर म्हटले, असा जो मजकूर आजही फिरतो, तो याच कारखान्यातला.

७/ हे हसून सोडून देण्यासारखे नाही. ज्यू आणि मेसन मिळून जग ताब्यात घेत आहेत असे सांगणारे 'प्रोटोकॉल्स' १९०३ मध्ये रशियात छापले गेले. ती वाङ्मयचोरी आहे हे लंडनच्या टाइम्सने १९२१ मध्ये दाखवून दिले. तरीही नाझींनी तिचा प्रचारात वापर केला आणि जर्मनीतील लॉज बंद पाडले. फ्रँकोने १ मार्च १९४० च्या कायद्याने स्पेनमध्ये मेसन असणे हाच गुन्हा ठरवला. 'गंमत म्हणून' पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुराचे कूळ हे आहे.

८/ आता धर्माचा प्रश्न. जेम्स अँडरसन या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाने तयार केलेला नियमग्रंथ १७२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या कलमाचा आशय असा : सर्व माणसांना मान्य असेल तेवढा धर्म पाळावा, विशिष्ट मते ज्याची त्याने स्वतःपाशी ठेवावीत, मूर्ख नास्तिकाला मात्र येथे जागा नाही. लॉजमध्ये धर्म आणि राजकारण यांवरून वाद घालण्यास मनाई होती. ऐंशी वर्षांपूर्वी ज्या देशात धर्मावरून यादवी पेटली होती, तेथे ही तरतूद शहाणपणाची होती. तिचे श्रेय नाकारता येत नाही.

९/ मग फ्रीमेसनरी हा धर्म आहे काय? संस्था 'नाही' म्हणते : तिचा स्वतःचा देव नाही, मोक्षमार्ग नाही. पण प्रार्थना आहे, दीक्षा आहे, समोर उघडा धर्मग्रंथ आहे, 'विश्वाचा महान स्थपती' आहे. पोप बारावे क्लेमेंट यांनी एप्रिल १७३८ मध्ये कॅथलिकांना तिच्यात जाण्यास मनाई केली. व्हॅटिकनने ती १९८३ मध्ये पुन्हा अधोरेखित केली. उलट फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने १८७७ मध्ये ईश्वरश्रद्धेची अट काढून टाकली, तेव्हा इंग्लंडच्या ग्रँड लॉजने संबंध तोडले.

१०/ म्हणून माझे उत्तर असे : फ्रीमेसनरी हा धर्म नाही, परंतु ईश्वरश्रद्धा हे तिचे प्रवेशपत्र आहे. आणि प्रवेशपत्र आले की ते तपासणारा आला. एखाद्याची श्रद्धा पुरेशी आहे की नाही हे कोणी ठरवायचे? इतिहासातील सगळी गोम या तपासणीत आहे.

११/ इंग्लंडमधील दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉज डिसेंबर १८१३ मध्ये एक झाली. १८१५ च्या नव्या नियमग्रंथात पहिले कलम आणखी सैल झाले : माणसाचा धर्म किंवा उपासनापद्धती कोणतीही असो, तो विश्वनिर्मात्यावर श्रद्धा ठेवत असेल आणि नीतीने वागत असेल, तर त्याला वगळले जाणार नाही. हे वर्ष लक्षात ठेवा. यानंतर कोणत्याही हिंदूला, पारशाला किंवा मुसलमानाला केवळ धर्मामुळे दारातून परत पाठवण्याचा आधार कागदावर उरला नव्हता.

१२/ भारतात मेसन आले कंपनीच्या जहाजांबरोबर. कोलकात्यात १७३० च्या सुमारास आणि मुंबईत १७५८ मध्ये लॉज सुरू झाले. अर्काटच्या नवाबाचे पुत्र उमदत-उल-उमरा यांना १७७५ मध्ये त्रिचनापल्ली येथे दीक्षा मिळाली. त्यांच्यासाठी लंडनहून एप्रन आणि नियमग्रंथ भेट म्हणून आले. म्हणजे १८१५ च्या चाळीस वर्षे आधी बिगरख्रिस्ती माणसासाठी दार उघडले होते. मात्र तो माणूस कंपनीच्या मित्र-नवाबाचा मुलगा होता.

१३/ आता मुंबईकडे वळू. पारशी गृहस्थ माणेकजी कर्सेटजी यांनी मेसन होण्याची इच्छा व्यक्त केली. मुंबईच्या इंग्रज लॉजने त्यांना घेतले नाही. ते युरोपला गेले आणि त्यांना दीक्षा मिळाली ती पॅरिसमध्ये. अखेर डिसेंबर १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखाली मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढले आणि भारतीयांना वाट मोकळी झाली. माणेकजी झरथुष्ट्री होते, एका अहुर मज्दाचे उपासक. त्यांच्या श्रद्धेत कोणती उणीव होती? असलेल्या मेजाभोवती खुर्ची देण्याऐवजी वेगळे मेज मांडले गेले.

१४/ हिंदूंची गोष्ट याहून बोलकी आहे. कोलकात्याचे व्यापारी प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये प्रवेश मागितला. बंगालच्या प्रांतिक ग्रँड लॉजचा एक पोटनियम असा होता की प्रमुखाच्या परवानगीवाचून कोणाही आशियाई माणसाला दीक्षा देता येणार नाही. प्रमुख ह्यू सँडमन यांचा हिंदूंच्या प्रवेशाला विरोध होता. दत्त यांनी लंडनपर्यंत दाद मागितली. त्यांना दीक्षा मिळाली १८७२ मध्ये. नऊ वर्षे!

१५/ विरोधकांचे मुख्य आक्षेप दोन. हिंदू अनेक देव मानतात, म्हणून ते अटीत बसत नाहीत. आणि ते जातिभेद पाळतात, म्हणून त्यांना बंधुत्व कळणार नाही. पहिला आक्षेप घेणाऱ्यांच्या शहरातच १८२८ पासून ब्राह्मो समाज निराकार एकेश्वराची उपासना करत होता. मुंबईत १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला. शिवाय त्रिमूर्ती म्हणजे अनेक देव आणि ख्रिस्ती त्रैक्य म्हणजे एकच देव, हा हिशेब कोणत्या तराजूवर केला?

१६/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जातिभेद खरा होता, आणि तो बंधुत्वाच्या विरोधी आहे हे जोतीराव फुले त्याच काळात पुण्यात ठणकावून सांगत होते. पण 'आशियाई' असा शब्द वापरून माणसे गाळणाऱ्या पोटनियमाने कोणती जात मोडली? जन्मावरून दार बंद करणाऱ्यानेच दुसऱ्याला जन्माधारित भेदाबद्दल दोष द्यावा, याला न्याय म्हणत नाहीत.

१७/ 'हा खरोखरच धर्माचा प्रश्न असेल' असे अजूनही कोणाला वाटत असेल, तर बोस्टनला चला. प्रिन्स हॉल आणि आणखी चौदा स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरुषांना १७७५ मध्ये ब्रिटिश फौजेतील एका आयरिश लॉजने दीक्षा दिली. १७८४ मध्ये त्यांना लंडनहून सनद मंजूर झाली. त्यांच्या ईश्वरश्रद्धेत खोट काढण्याजोगे काही नव्हते. तरीही अमेरिकेतील गोऱ्या ग्रँड लॉजनी त्यांच्या परंपरेला मान्यता नाकारली. टिकाऊ मान्यतेची सुरुवात झाली ती १९८९ मध्ये, कनेक्टिकट राज्यात. येथे अनेकेश्वरवाद नव्हता, हिंदूंची जातिव्यवस्था नव्हती. कारण बदलले, पण दार बंदच राहिले.

१८/ जुन्या नियमांत उमेदवार 'जन्मतः स्वतंत्र' असावा अशी अट होती. म्हणजे गुलामगिरीतून मुक्त झालेला माणूसही अपात्र. इंग्लंडने ही अट १८४७ मध्ये बदलून 'स्वतंत्र' एवढीच ठेवली. स्त्रियांना तर अँडरसनच्या ग्रंथातच मज्जाव होता. १८९३ मध्ये पॅरिसला मारिया देरेम आणि जॉर्ज मार्टिन यांनी स्त्रीपुरुषांची संयुक्त शाखा काढली. ॲनी बेझंट १९०२ मध्ये तिच्यात सामील झाल्या. मूळ प्रवाहाने तिला मान्यता दिली नाही.

१९/ यावर प्रतिवाद येईल : त्या काळचे सगळेच गोऱ्यांचे क्लब असे होते, मग मेसनांनाच का धरता? उत्तर सोपे आहे. त्या क्लबांनी विश्वबंधुत्वाची प्रतिज्ञा केलेली नव्हती. जो जे वचन देतो, त्याचे माप त्याच वचनाने घ्यावे. शत्रूने लावलेल्या फूटपट्टीने मी मोजत नाही. १८१५ च्या त्यांच्याच कलमाने मोजतो आहे.

२०/ आणि याच कलमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माणेकजी आणि दत्त यांच्या हाती शस्त्र होते ते संस्थेच्याच नियमग्रंथाचे. दार बंद करणाऱ्यांना ते त्यांचीच अक्षरे दाखवत राहिले. लिहून ठेवलेले तत्त्व पाळले गेले नाही, तरी ते वाया जात नाही. बाहेर उभा असलेला माणूस कधीतरी ते वाचून दाखवतो. पुढे मुंबईत खर्शेदजी रुस्तमजी कामा यांच्यासारखे विद्वान नामांकित मेसन झाले, आणि १८८४ मध्ये कोलकात्याच्या 'अँकर अँड होप' लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त आले, म्हणजेच पुढचे स्वामी विवेकानंद.

२१/ कटाच्या कथांवर माझा खरा राग आहे तो येथे. त्या कथांत सगळे मेसन एकाच मेंदूने विचार करतात. त्यांत सँडमन आणि दत्त यांचा झगडा बसत नाही. लंडन विरुद्ध पॅरिस बसत नाही, बोस्टनचे प्रिन्स हॉल बसत नाहीत. अदृश्य सूत्रधार शोधण्याच्या नादात आपण दृश्य माणसे पुसून टाकतो, आणि ज्यांनी अन्याय सोसला व परतवला, तीच आधी पुसली जातात.

२२/ २४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाले. त्याच्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहिब हे ग्रंथ पवित्र मानले जातात. सँडमन यांच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर नाही. स्त्रियांसाठी मात्र ते दार आजही बंद आहे.

२३/ म्हणून इतिहासाच्या मित्रांना एकच विनंती. कोणत्याही संस्थेचा अभ्यास करताना तिच्या बंद खोलीत काय चालते हे विचारण्याआधी तिची सभासदांची यादी मागा, पोटनियम वाचा आणि फेटाळलेले अर्ज शोधा. मंदिर असो, क्लब असो, विद्यापीठ असो की लॉज, तिने 'सर्वांसाठी' असे कधी लिहिले आणि ते 'सर्व' कधी आत आले, या दोन तारखांमधले अंतर मोजा. कोलकात्यात ते अंतर सत्तावन्न वर्षांचे होते.