आपल्या वावराचा अहवाल कोण लिहितो?



बी.एस्सी. झालेल्या पोरापोरींचे आईबाप आम्हाला हल्ली विचारतात, "पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करतो म्हणतो. करू द्यावे का?" सरळ उत्तर असे, की ही पदवी नोकरीची हमी देत नाही. जमीन गहाण टाकून ती घेऊ नये. तरीही प्रत्येक तालुक्यातल्या एकदोन घरांनी आपले लेकरू या विद्येकडे पाठवलेच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

पर्यावरण म्हटले की आपल्या माणसाला वाघ आठवतो, नाहीतर पुढाऱ्याच्या हातचे वृक्षारोपण. आपल्या पराटीशी त्याचा काय संबंध, असे वाटते. संबंध कागदातून येतो. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्या कायद्याखाली १९९४ आणि २००६ साली अधिसूचना निघाल्या. मोठी खाण, औष्णिक वीज केंद्र किंवा सिमेंट कारखाना उभारण्याआधी परिसरावर काय परिणाम होईल याचा अहवाल द्यावा लागतो, तो या अधिसूचनांमुळे. अहवालाचा खर्च प्रकल्पवाला करतो. मोजमापे घेणारी आणि मजकूर लिहिणारी माणसे बरीचशी हीच पदवी घेतलेली असतात.

वणी, राजुरा, कोरपना भागातल्या कास्तकाराला हे वेगळे सांगायला नको. चंद्रपूरला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ सालीच देशातल्या अतिप्रदूषित क्षेत्रांत धरले. कोळशाच्या रस्त्याकडेच्या वावरात फुटलेल्या बोंडावर काळी धूळ बसते. कापूस काळवंडला की व्यापारी प्रत खालची लावतो. कडब्यावर तीच धूळ, आणि ती बैलाच्या पोटात. आपण भावासाठी रस्त्यावर उतरतो ते योग्यच आहे. पण भांडून मिळवलेला भाव धुळीपायी काट्यावर कापला जात असेल, तर धुळीचा हिशेबही आपल्यालाच मागावा लागेल.

तो मागण्याची जागा म्हणजे जाहीर लोकसुनावणी. तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो. शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. मराठीत मिळतो तो अहवालाचा गोषवारा. आकड्यांचा जाडजूड अहवाल इंग्रजीत असतो. आपली माणसे सुनावणीत पोटतिडकीने बोलतात. समोरचा तज्ज्ञ शांतपणे म्हणतो, "सर्व प्रमाण मर्यादेत आहे." मग मंडपात शांतता पसरते.

त्या शांततेत एक प्रश्न विचारणारा आपला माणूस हवा: मोजणी कोणत्या महिन्यात केली? बहुतेक प्रकल्पांना पावसाळा सोडून एकाच हंगामाची मोजमापे चालतात. चैत्र-वैशाखात मोजले तर वावरात ना पराटी, ना ज्वारी, आणि नालाही कोरडा. खाणीच्या ढिगाऱ्याची माती नाल्यात उतरते ती आषाढ-श्रावणात. ज्या काळात आपले पीक उभे असते आणि नुकसान होते, तोच काळ मोजणीतून सुटतो. ही फट भाषणाने दिसत नाही. ती अहवाल वाचता येणाऱ्यालाच दिसते.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो. एकरी उतारा कसा वाढवावा हे तिथे शिकलो. हवेतली धूळ कशी मोजावी हे तिथे कोणी शिकवले नाही. पर्यावरणशास्त्राच्या दोन वर्षांत हवा, पाणी, माती यांची तपासणी, उपग्रहाचे नकाशे आणि पर्यावरणाचे कायदे शिकवतात. शेवटी प्रबंध असतो.

म्हणून पोराला पाठवताना चार गोष्टी पाहा. शक्यतो सरकारी विद्यापीठाचा विभाग निवडा. प्रयोगशाळेतली यंत्रे चालू आहेत का, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. कृषी पदवीधराला प्रवेश आहे का, हे त्या विद्यापीठाच्या नियमात आधीच तपासा. आणि प्रबंधाचा विषय आपल्या शिवारातला घ्या. फवारणीनंतर विहिरीच्या पाण्यात काय उतरते? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या जिल्ह्यात हा विषय परका नाही. कोळशाच्या रस्त्यापासून किती अंतरापर्यंत बोंड काळवंडते? हे मोजून विद्यापीठाच्या कागदावर आले, की सुनावणीत ते उडवून लावणे सोपे जात नाही.

पुढे ते पोर एखाद्या सल्लागार कंपनीत लागेल. लागू द्या, पोट सगळ्यांना आहे. अहवाल कसा लिहितात हे तिथेच कळते. पण गावाच्या सुनावणीच्या आधी आठ दिवस त्याने घरी यावे आणि अहवालाचे पान अन् पान ग्रामसभेत मराठीत समजावून सांगावे, एवढा शब्द आईबापांनी त्याच्याकडून घ्यावा.

आणि मायबहिणींनो, मुलगी शिकत असेल तर लग्नाची घाई दोन वर्षे थांबवा. धुळीतला कापूस वेचणाऱ्या बाईचा खोकला तिला आधी ऐकू येईल.

येत्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने विज्ञान किंवा कृषी शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलामुलींची यादी सोबत आणावी. पुढचे तिथे बसून ठरवू.