ऑपरेशन बाईनंच का करायचं?

परवा बातमीसाठी कुटुंब नियोजनाच्या कॅम्पला गेलो होतो. ऑपरेशन झालेल्या बाया ओळीनं झोपलेल्या, उशाशी कुणाची आई, कुणाची सासू. नवरे बाहेर चहाच्या टपरीवर. सिस्टरना विचारलं, "पुरुष किती आज?" त्या नुसत्या हसल्या.

आपल्याकडे हे काम सुरू केलं ते एका पुरुषानं. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यापायी कॉलेजातली प्राध्यापकी गेली. पत्नी मालतीबाईंच्या साथीनं पदरमोड करून १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुढे १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षानं मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला.

१९४९ मध्ये धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांनी मुंबईत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया उभी केली. १९५२ मध्ये जगभरचे कार्यकर्ते मुंबईत जमले आणि या कामाची जागतिक संघटना इथंच जन्माला आली.

म्हणजे पाया आपल्याकडे घातला गेला. मग पुरुष गेले कुठं?

आणीबाणीत घोळ झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यात बहुसंख्य पुरुष. टार्गेट, धाकदपटशा, पोलीस. आपल्या विधिमंडळानं तर सक्तीचं विधेयकही मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. लोकांनी सरकार पाडलं. राजकारण्यांनी धसका घेतला आणि सगळा भार गुपचूप बायांवर टाकला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याची नसबंदी झालेल्या फक्त ०.३ टक्के!

सक्ती वाईटच होती. पण सक्ती गेली म्हणून जबाबदारीही गेली का?

दुसऱ्यांना कशाला बोलू? आमच्या घरीही दुसऱ्या लेकरानंतर ऑपरेशन बायकोचंच झालं. "पुरुषाला अशक्तपणा येतो," आई म्हणाली. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला मी गप्प बसलो. बायकोला कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

खरं तर पुरुषाचं ऑपरेशन सोपं. पोट उघडायचं नाही, टाका नाही, त्याच दिवशी घरी. तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी करून खात्री करायची. ताकद जात नाही, मर्दानगीही जात नाही.

आशाताई दुपारी घरी येतात, बाईशी बोलून जातात. पुरुषांशी बोलायला संध्याकाळी पारावर, कट्ट्यावर आरोग्यसेवक पाठवा की! नोव्हेंबरातला नसबंदी पंधरवडा नुसत्या बॅनरवर उरकू नका.

आणि भावांनो, पुढच्या कॅम्पला टपरीवर थांबू नका. आत या.