किंगस्नेक पाळायचाय? जरा थांबा!

सध्या आपल्या हॉस्टेलमध्ये एक नवीन फॅड आलंय. मासे झाले, लव्हबर्ड्स झाले, आता साप! आमच्या बॅचच्या एका मुलाने (नाव छापत नाही, रेक्टर सरही हे मासिक वाचतात) किंगस्नेक घ्यायचं जवळजवळ नक्की केलंय. व्हिडिओ बघून बघून त्याचा एवढा अभ्यास झालाय की तेवढा एम-थ्रीचा केला असता तर... असो. त्याचं म्हणणं एकच, "बिनविषारी आहे, शांत आहे, नवशिक्यांसाठी बेस्ट आहे. मग प्रॉब्लेम काय आहे बे?" मेसमध्ये यावर दोन दिवस वाद झाला. तिथे पोट्टे कोणाला बोलू देत नाहीत, म्हणून माझं मत इथे लिहिते.

आधी त्याच्या बाजूचं. किंगस्नेक हा अमेरिकेतला साप. तो दुसरे साप खातो, अगदी विषारी रॅटलस्नेकसुद्धा, आणि त्या विषाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून नावात किंग. (आपला नागराज म्हणजे किंग कोब्रा, तो हा नव्हे. तोही साप खातो, पण तो जहाल विषारी.) कॅलिफोर्निया किंगस्नेक साधारण तीन-चार फुटांचा होतो, हाताळणीला लवकर सरावतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी उंदीर मिळाला की त्याचं भागतं. तिकडे नवशिक्याला हा साप सुचवतात, ते काही चुकीचं नाही. निवडताना काय पाहायचं तेही ठरलेलं आहे. पिल्लू पिंजऱ्यात जन्मलेलं हवं, रानातून धरलेलं नको. डोळे स्वच्छ, तोंडाशी फेस नाही, जुनी कात अंगाला चिकटलेली नाही. आणि घेण्याआधी त्याला खाताना पाहायचं, कारण न खाणारं पिल्लू गळ्यात पडलं तर नवशिक्याच्या हातून ते जगत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक. पुढचं मात्र यवतमाळात बसवून बघा.

एका पेटीत एकच किंगस्नेक ठेवायचा. दोन ठेवले तर सकाळी एकच सापडेल, तोही जाडा झालेला! झाकणाला पक्की क्लिप हवी, कारण फटीतून निसटण्यात हा प्राणी पटाईत. पेटीची एक बाजू तीस डिग्रीच्या आसपास आणि दुसरी चोवीस-पंचवीसच्या आसपास ठेवावी लागते. सापाला स्वतःच्या अंगात उष्णता तयार करता येत नाही, तो जागा बदलून तापमान सांभाळतो. परदेशी पुस्तकांत हीटर कुठला घ्यावा यावर पानंच्या पानं असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, कूलरमध्ये पाणी भरायला आपल्यालाच मिळत नाही, आणि लाईट गेली की बघायलाच नको. इथे प्रश्न गरम बाजूचा नाहीच, थंड बाजूचा आहे! थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात हा प्रश्न आला तर सुटेल, रूममध्ये नाही सुटायचा.

खाण्याचंही तसंच. त्याला गोठवलेले आणि मग नीट वितळवलेले उंदीर देतात. ते आपल्या बाजारात कोण विकतं, मला दाखवा. मेसच्या मागचे उंदीर फुकट आहेत, पण त्यांनी औषध खाल्लेलं असू शकतं, शिवाय किडे-जंत वेगळे. साप आजारी पडला तर? आपल्याकडचे गुरांचे डॉक्टर बैल-बकरीत हुशार, पण सापाच्या न्यूमोनियाशी त्यांची गाठ पडते कधी? आणि सगळ्यात मोठा हिशोब म्हणजे आपली डिग्री चार वर्षांची, आणि नीट सांभाळला तर हा साप जगतो वीस वर्षं. प्लेसमेंट पुण्याला झाली तर साप आईकडे ठेवणार का?

आता तो येतो कुठून. जून २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर कस्टम्सने थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाकडून १६ जिवंत साप पकडले. त्यात एक कॅलिफोर्निया किंगस्नेक होता, आणि त्याचेच भाऊबंद असलेले दोन होंडुरन मिल्कस्नेक. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तिथेच बँकॉकहून आलेल्या एकाकडे बिस्किट आणि केकच्या पाकिटांत ११ साप निघाले होते. सामानात कोंबून विमानाने आलेला साप! विकणारा सांगतो, "परदेशी आहे, वन्यजीव कायदा याला लागत नाही." हे अर्धंच खरं. सायटिस या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनी सक्तीची झाली, आणि किंगस्नेक त्या यादीत नाही. पण देशात जिवंत प्राणी आणायला परवाना लागतो, क्वारंटाइन लागतं. तो कागद विकणाऱ्याला मागून बघा. विषय बदलेल.

पण माझा खरा मुद्दा यापैकी कुठलाच नाही. माझा मुद्दा आहे त्याचा रंग.

कॅलिफोर्निया किंगस्नेक कसा दिसतो? चकचकीत काळं अंग, त्यावर पांढरे आडवे पट्टे. आता आठवा, आपल्याकडे असा कोण दिसतो? मण्यार! जाणकार म्हणतील, मण्यारीचे पट्टे बारीक, जोडीजोडीने, शेपटीकडे ठळक, आणि किंगस्नेकचे चांगले रुंद. मान्य. पण रात्री दोन वाजता, मोबाईलच्या टॉर्चमध्ये, बाथरूमच्या कोपऱ्यात पट्टे कोण मोजतो? पेटीतला साप निसटला आणि शोधाशोध सुरू झाली, तर "अरे आपलाच आहे" म्हणून कोणीतरी हात घालणार. दारव्ह्याकडे माझ्या मामाच्या शेतात पऱ्हाटीच्या ढिगाखाली मण्यार निघाली होती, लहान पोरांना ती फार सुंदर वाटली. सुंदर आहेच ती. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा दुखतही नाही. पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास थांबतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक गेले, असं २०२० मध्ये आलेला अभ्यास सांगतो. अशा मुलखात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा साप उचलायची हाताला सवय लावणं मला पटत नाही. अमेरिकेत मण्यार नाही, म्हणून तिकडे तो नवशिक्याचा साप. इथे नाही.

"निसटला तर जाईल रानात, त्यात काय?" असंही एकाने विचारलं. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर हेच झालं. पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक सुटले, १९९८ पासून रानात दिसू लागले, आणि जिथे ते पसरले तिथले फक्त त्या बेटावर सापडणारे मोठे सरडे जवळजवळ संपले.

मग सापाची आवड असणाऱ्याने काय करायचं? आपल्याकडचे साप पकडणं, पाळणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तेही नाही. पण बघायला कुठे बंदी आहे? कवड्या घ्या. तो बिनविषारी, भिंतीवर सरसर चढतो, पाली खातो, आणि मण्यार समजून रोज मार खातो. त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, म्हणजे मण्यारीच्या बरोबर उलट! तस्कर आहे, गवत्या आहे, धामण तर कपाशीच्या प्रत्येक वावरात उंदरांमागे असते आणि गाईचं दूध पिते म्हणून उगाच बदनाम. पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात काचेपलीकडून तासन् तास बघता येतात. ते उभं राहिलं नीलिमकुमार खैरे यांच्यामुळे, तेच जे १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास एका खोलीत राहिले होते. (हे घरी करून बघू नये!)

रेक्टर सर आणि मॅडमना एक विनंती. दोन्ही हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे मोठे रंगीत फोटो लावा, शेजारी कवड्याचाही लावा. खाली दोन नंबर ठळक हवेत, साप निघाला तर वनविभागाचा १९२६ आणि कोणाला चावला तर ॲम्ब्युलन्सचा १०८. पावसाळ्याच्या आधी झालं तर बरं, कारण गर्ल्स हॉस्टेलच्या मागचं गवत आत्ताच गुडघ्याएवढं झालंय.