हजारात दोन

परवा गावच्या सप्ताहाला जाऊन आलो. एका रात्री कीर्तनाआधी आरोग्य खात्याच्या ताईंना अर्धा तास दिला होता. विषय एड्स. "आपल्याकडं कुठं असतंय हे?" मागून कुणीतरी पुटपुटलं. ताईंनी मात्र सगळं नीट सांगितलं. असुरक्षित संबंध, दूषित रक्त, वापरलेली सुई, आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने काही होत नाही, हेही सांगितलं.

मग बुवा उभे राहिले. "ज्याचं आचरण शुद्ध, त्याला या रोगाची भीती नाही!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीने.

बायकांच्या बाजूला एक ओळखीच्या बाई बसल्या होत्या. (कोण, ते लिहिणार नाही. घरच्यांनी अंदाज बांधत बसू नये!) त्यांना हा आजार नवऱ्याकडून आला. रोज गोळी घेतात, तब्येत उत्तम आहे. गावात हे फक्त मला माहीत, कारण पहिल्यांदा तालुक्याला सोबत मी गेलो होतो. सकाळी भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "जावेला सांगणार होते या दिवाळीला. आता नाही सांगत, दादा."

तेव्हापासून डोक्यात हाच विचार आहे. भारतात १९८६ साली चेन्नईत पहिली लागण उघडकीस आली. आज देशातल्या प्रौढांमध्ये हे प्रमाण साधारण हजारात दोन आहे. चांगलीच गोष्ट. पण जिथे आजार क्वचित दिसतो, तिथे तो अनुभवाने कुणालाच कळत नाही. जे कानावर पडतं तेच ज्ञान. आणि देवळातून कानावर पडलेलं तर सहसा कुणी तपासूनही बघत नाही. म्हणून अशा गावात बुवांचं एक वाक्य ताईंच्या अर्ध्या तासाला भारी पडतं.

मग देवळात हा विषय नकोच का? मला तसं वाटत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्येही पहिले रुग्ण १९८६ सालीच सापडले. तिथे बहुसंख्य मुसलमान. १९९५ साली इमामांची मोठी परिषद भरली, शुक्रवारच्या प्रवचनांतून एड्सची माहिती दिली जाऊ लागली. कंडोमचा प्रचार त्यांनी केला नाही, पण आरोग्य खात्याची वाटही अडवली नाही. तिथलं प्रमाण कमीच राहिलं. श्रेय एकट्या इमामांचं नाही, रक्ततपासणी वगैरे बरंच काही होतं. आणि तिथल्या समलिंगी पुरुषांमध्ये प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आहे. ज्यांना प्रवचनात फक्त निंदाच ऐकू येते, ते दवाखान्याकडेही कसे फिरकणार?

बुवांनी सदाचार जरूर सांगावा, ते त्यांचं कामच आहे. फक्त त्याला लागून आणखी दोन वाक्यं सांगावीत. सरकारी केंद्रात औषध फुकट मिळतं, आणि ते नियमित घेऊन रक्तातला विषाणू सापडेनासा झाला की संबंधांतून तो दुसऱ्याला जात नाही. आणि ज्याला आजार आहे, तो या मंडपात आपल्याशेजारीच बसलेला असू शकतो. त्याची चूक होती की नव्हती, हा हिशेब आपला नाही.

२०१७ साली कायदा झाला, भेदभावाला बंदी आली. पण जावेला सांगायचं धैर्य कायदा कुठून देणार? ते त्या रात्री मंडपात मिळू शकलं असतं.

असो. बुवांना भेटून हे सांगायचं होतं, धीर झाला नाही. पुढच्या वर्षी सप्ताहाआधीच गाठणार आहे. तुमच्यापैकी कुणी असं बोलून पाहिलंय का? कशी सुरुवात केलीत?