कॅल्शियमची गोळी आणि डेअरीची किटली



गुडघा दुखला, कंबर धरली, की मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्या आणायच्या, ही रीत आता गावोगाव पडली आहे. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. शेजारणीला गुण आला म्हणून आपण सुरू करायच्या आणि वर्षानुवर्षे घेत राहायच्या. “घेतली तर बिघडतंय काय?” असे वर विचारले जाते. काहीच बिघडत नाही, असे छातीठोकपणे सांगता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

कॅल्शियम हाडांचे, एवढे सर्वांना ठाऊक आहे. पण काळजाचा ठोकाही त्यावर चालतो. व्यालेली गाय दुग्धज्वराने बसली, की डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात, तेही सावकाश आणि छातीचे ठोके ऐकत. घाईने सोडले तर जनावर जागीच जाते. माणसाची गोळी पोटातून जाते, तिची गोष्ट वेगळी. तरी ही वस्तू खेळण्याची नव्हे, एवढे यावरून ध्यानी यावे.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी इतरांच्या साथीने सुमारे १२,००० लोकांवरील चाचण्या एकत्र तपासून २०१० साली निष्कर्ष मांडला. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के अधिक दिसले. म्हणजे जिथे दहांना झटका यायचा, तिथे तेरांना. गोळीने रक्तातील कॅल्शियम एकदम चढते, अन्नातले मात्र हळूहळू मुरते, हे त्याचे कारण असावे असे हे संशोधक मानतात. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संस्थांनी, अन्न आणि गोळ्या मिळून दिवसाला २००० ते २५०० मिलिग्रॅमच्या आत राहिल्यास हृदयाला धोका नाही, असे मत दिले. जाणकारांत एकमत नाही. पण अन्नातल्या कॅल्शियमवर ठपका आलेला नाही, आणि आमच्या मते आपल्याला एवढे पुरे आहे.

कारण आपल्या घरी कॅल्शियमची वाण आहे कुठे? दावणीला दोन गाई, सकाळ-संध्याकाळ धारा निघतात. पण सगळी किटली डेअरीला जाते आणि घरच्या बाईच्या वाट्याला चहापुरते दूध उरते. दहा-पंधरा वर्षे असे चालले, की त्याच दुधाच्या पगारातून तिला गोळ्या आणायच्या! हा हिशेब कोणत्या शहाण्याचा?

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बाईला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पाव लिटर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. आपल्या ज्वारीत त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही नाही. तेव्हा आठवड्यातून चार दिवस नाचणीची भाकरी किंवा आंबील, जेवणात दही-ताक आणि तिळाची चटणी, एवढे केले तरी बरीच मजल मारता येते.

मात्र हे वाचून कोणी डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नये. गरोदर आणि बाळंत भगिनींना सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या जरूर घ्याव्यात. त्या गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या विकारापासून वाचवतात. फक्त त्या लोहाच्या गोळीबरोबर एका वेळी घेऊ नयेत. हाडे ठिसूळ झालेल्यांनी, मुतखड्याचा, किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच काय ते करावे.

उसाला खत घालताना आपण माती तपासून घेतो. मग घरच्या माणसाला गोळी देताना नुसता अंदाज का? आमची एवढीच विनंती, की उद्याच्या धारेतले अर्धा लिटर दूध घरच्या लक्ष्मीसाठी आधी काढून ठेवा आणि मग किटली डेअरीला न्या.