जनक चौकटीत, जननी रद्दीत

विज्ञानकथेचा जनक कोण, असे विचारले तर कुणी ज्यूल व्हर्नचे नाव घेते, कुणी एच. जी. वेल्सचे, कुणी ह्यूगो गर्न्सबॅकचे. एका अपत्याला तीन-तीन बाप! आईची चौकशी मात्र कुणी करत नाही. वास्तविक 'फ्रँकेनस्टाइन' १८१८ साली छापून आली तेव्हा मेरी शेली वीस वर्षांची होती आणि वेल्सचा जन्म व्हायला अजून अठ्ठेचाळीस वर्षे होती.

हा विषय आपल्या अंकात कशाला, असे काही मैत्रिणी विचारतील. हुंडा, मारहाण, पोटगी, रोजगार हे प्रश्न समोर असताना अमेरिकेतली जुनी मासिके जमवणाऱ्या हौशी पुरुषांशी आपले काय देणेघेणे? माझे म्हणणे असे की कोणती वस्तू जपायची आणि कोणती फेकायची हे ठरवणे ही सत्ता आहे. ती सत्ता कशी चालते हे पाहायला या छंदाइतके उघडे उदाहरण मिळणे कठीण.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर कथामासिके निघत. लगद्याला इंग्रजीत पल्प म्हणतात, म्हणून ही 'पल्प' मासिके. 'वीअर्ड टेल्स' १९२३ मध्ये सुरू झाले, गर्न्सबॅकचे 'अमेझिंग स्टोरीज' एप्रिल १९२६ मध्ये, 'अस्टाउंडिंग' जानेवारी १९३० मध्ये. कागदात आम्ल, त्यामुळे पाने पिवळी पडतात, मग तपकिरी होतात, मग हाताला भुगा लागतो. वाचून फेकून द्यायची ही वस्तू. आज तिचे चांगले अंक श्रीमंतांच्या कपाटात असतात. त्यातल्या लेखकांच्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्यांचाही असाच बाजार आहे.

या बाजारात एक लोककथा फार लाडकी आहे. संग्राहक पुरुष उसासा टाकून सांगतो, "माझ्याकडे सगळे अंक होते हो, पण आईने फेकून दिले!" ही आई प्रत्येक संग्राहकाला असते. अंक दुर्मीळ झाले ते तिच्यामुळे, म्हणून भाव चढले तेही तिच्यामुळेच. खरे तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने कागद गोळा करण्याच्या मोहिमा काढल्या आणि पल्पचे ढीगच्या ढीग त्यात गेले. ते देशकार्य ठरले. शिवाय तो कागद टिकण्यासाठी केलेलाच नव्हता. तरी गुन्हेगार आई! तिला ती खोली रोज झाडावी लागत होती, ते कागद उचलून खाली पुसावे लागत होते, हे या कथेत येत नाही. मुलाने स्वतःची खोली कधी आवरली होती का, हेही येत नाही. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? त्याची ती पुस्तके आणि तिची ती रद्दी, अशीच घराघरांत वाटणी असते. नवऱ्याचे घर सोडून आलेल्या बाईबरोबर बसून स्त्रीधनाची यादी करणे हे माझे नेहमीचे काम. यादीत भांडी येतात, दागिने येतात, कपाट येते. तिने लिहिलेल्या वह्या, जपलेले अंक, पत्रे मी विचारल्याशिवाय येत नाहीत. विचारले की ती म्हणते, "ताई, ते कशाला? त्याला काय किंमत?"

किंमत कशी ठरते ते पाहा. 'फ्रँकेनस्टाइन'ची पहिली आवृत्ती तीन खंडांत, अवघ्या पाचशे प्रतींची. त्यावर लेखिकेचे नाव नव्हते आणि प्रस्तावना नवऱ्याने लिहिलेली. पुस्तक त्याचेच असणार असे वॉल्टर स्कॉटसारख्यालाही वाटले. तिचे नाव छापले गेले १८२३ च्या आवृत्तीवर. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या निनावी आवृत्तीचा एक संच न्यूयॉर्कच्या लिलावात ११ लाख ७० हजार डॉलरना गेला. स्त्रीने लिहिलेल्या छापील पुस्तकाला लिलावात मिळालेली तोवरची ती सर्वांत मोठी किंमत. म्हणजे विक्रम कशाचा झाला? बाईचे नाव ज्यावर नाही अशा प्रतीचा!

उलट बाजूही पाहा. शार्लट पर्किन्स गिलमन १९०९ ते १९१६ 'द फोररनर' नावाचे मासिक एकटीने चालवत होती. लेख, कथा, कविता सगळे तिचेच, छापणेही तिचेच. १९१५ मध्ये त्यात 'हरलँड' ही पुरुषांविना वसलेल्या देशाची कादंबरी क्रमशः आली. पुस्तक निघाले १९७९ मध्ये, म्हणजे चौसष्ट वर्षांनी, आणि तेही स्त्रीवादी चळवळीने मागणी निर्माण केल्यामुळे. पहिल्या आवृत्तीच्या मागे लागलेल्या संग्राहकाच्या हिशोबात मधली चौसष्ट वर्षे ते पुस्तक अस्तित्वातच नव्हते. बाईचे लेखन बाईच्याच मासिकात आले तर ते 'प्रकाशित' धरायचे की नाही, हा नियम कुणी केला?

आपल्या देशातली गोष्ट तर आणखी जवळची. रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' १९०५ मध्ये मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापली गेली. संपादक कमला सत्यनाथन. त्या कथेत पुरुष पडद्यात आहेत, बायका सूर्याची उष्णता साठवून स्वयंपाक करतात, ढगांतले पाणी नळाने उतरवतात आणि सूर्याच्याच झोताने शत्रूचे सैन्य पळवून लावतात. गर्न्सबॅकच्या पहिल्या अंकाच्या एकवीस वर्षे आधी! लिहिणारी बाई, छापणारी बाई, वाचणाऱ्या बायका. जनक म्हणून कुणाचा पुतळा करायचा असेल तर खुशाल करा, पण तारखा तरी तपासा.

आता त्या गर्न्सबॅकविषयी. जून १९२७ च्या अंकात त्याने क्लेअर विंगर हॅरिस हिची कथा छापली. त्याने जाहीर केलेल्या स्पर्धेत तिला तिसरे बक्षीस मिळाले होते. कथेवरच्या टिपणात त्याने आश्चर्य व्यक्त केले आणि वर हेही सांगून टाकले की बायका सहसा अशा कथा चांगल्या लिहीत नाहीत, कारण विज्ञानातले त्यांचे शिक्षण आणि कल तोकडा असतो. बक्षीस देता देता टपली! मुलींना प्रयोगशाळेबाहेर ठेवायचे आणि मग त्यांना विज्ञान कळत नाही म्हणायचे, हे आपण इथे कितीदा ऐकले आहे.

इथे आपल्या बाजूच्याही एका समजाला मी हात घालणार आहे. त्या काळी बायका नव्हत्याच, होत्या त्या पुरुषी नावाआड लपल्या, असे आपणही व्यासपीठावरून सांगतो. ते सर्वस्वी खरे नाही. एरिक लीफ डेव्हिन यांनी २००६ च्या पुस्तकात १९२६ ते १९६५ या काळात या मासिकांत लिहिणाऱ्या २०३ स्त्रिया मोजून दाखवल्या, आणि त्यांतल्या बहुतेक स्वतःच्या नावाने लिहीत होत्या. सी. एल. मूर ही आद्याक्षरे वापरी याचे कारणही तिने सांगितले आहे. ती इंडियानापोलिसच्या एका बँकेत कामाला होती. मंदीचे दिवस. बाजूला कमाई आहे असे कळले तर नोकरी जाईल ही भीती. १९३३ मध्ये 'शॅम्ब्लो' कथेचे तिला शंभर डॉलर मिळाले होते. म्हणजे प्रश्न पोटाचा होता. ॲलिस शेल्डन मात्र जेम्स टिपट्री हे नाव घेऊन खरोखरच लपली, आणि १९७५ मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी या लेखनात काहीतरी अस्सल पुरुषी आहे असा निर्वाळा दिला. पुढे दोन वर्षांच्या आत बिंग फुटले. हसू येते खरे, पण टिपट्रीची गोष्ट सांगताना आपण त्या २०३ जणींना विसरतो. त्या मासिकांत होत्या. त्यांना वगळले ते नंतर निवडक संग्रह काढणाऱ्यांनी, याद्या करणाऱ्यांनी आणि कोणता अंक 'महत्त्वाचा' हे ठरवणाऱ्यांनी.

मुखपृष्ठांवरच्या अर्धनग्न बायकांचे काय? मलाही ती चित्रे किळसवाणी वाटतात. पण 'वीअर्ड टेल्स'वरची १९३२ ते १९४५ मधली साठाहून अधिक चित्रे मार्गारेट ब्रंडेज या शिकागोतल्या बाईने काढली. एका चित्राचे नव्वद डॉलर. त्यावर तिने मुलाला वाढवले, आईला सांभाळले. नग्नतेने अंक खपतो हे संपादकाला माहीत होते. त्या चित्रात बाई दोनदा राबते, एकदा कागदावर आणि एकदा कागदामागे. ते अंक जाळून टाका म्हणणाऱ्या मैत्रिणीला मी विचारते, मग या दुसऱ्या बाईचा पुरावा कुठून आणणार?

१९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले. भविष्यातला पोशाख घालून आलेल्या फॉरेस्ट ॲकरमनचे नाव त्या निमित्ताने सगळे घेतात. तो पोशाख मर्टल डग्लसने शिवला होता, स्वतःसाठीही एक शिवून ती तिथे हजर होती. ॲकरमनने पुढे प्रचंड संग्रह केला. त्याने घर लोकांना खुले ठेवले होते हे मान्य करायलाच हवे. पण संग्रह त्याच्या हयातीतच विकला जाऊन विखुरला.

ज्युडिथ मेरिलने वेगळे केले. जून १९४८ मध्ये, हिरोशिमानंतर तीनच वर्षांनी, तिने किरणोत्साराने व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळाची आणि ते व्यंग न दिसणाऱ्या आईची कथा लिहिली होती. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ ती अमेरिका सोडून कॅनडात गेली आणि १९७० मध्ये आपली सुमारे पाच हजार पुस्तके-मासिके टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाला देऊन टाकली. तो संग्रह तिथे आजही कुणालाही बसून वाचता येतो. याउलट आता जुन्या अंकांना गुणांक देऊन प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. पेटी फोडली की गुणांक गेला. म्हणजे वाचता येणार नाही अशा मासिकाला किंमत जास्त! पिंजऱ्यात ठेवलेल्या वस्तूचे मोल वाढते, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

आपल्या नियतकालिकांचा कागद काही फार वेगळा नाही. पावसाळ्यात दमट होतो, कसर लागते, माळ्यावरून थेट रद्दीवाल्याच्या तागडीत जातो. म्हणून माझी मागणी नेमकी आहे. मंडळाने जुन्या अंकांचे दोन पूर्ण संच करावेत, एक गावातल्या सार्वजनिक वाचनालयात आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात द्यावा. टोपणनावाने किंवा नुसत्या 'एक कार्यकर्ती' म्हणून लिहिणाऱ्या जणींची खरी नावे, त्यांची संमती घेऊन, एका वहीत नोंदवावीत. कारण त्यांतल्या काही जणी आता सत्तरीपुढे आहेत. पहिल्या चार वर्षांचे काही अंक कार्यालयातही नाहीत. कुणाकडे असतील तर कव्हर फाटले असले तरी चालेल, पण झेरॉक्स न पाठवता मूळ अंकच पाठवा. टपालखर्च मंडळ देईल.